वायर लावली का? : एका प्लग-इन जीपचं परीक्षण

मंडळी, आपल्या स्मरणिकेत नाटकांची आणि पुस्तकांची परीक्षणं नेहमी येतात. गाडीचं परीक्षण आलेलं मला तरी आठवत नाही. खरं तर आपण डेट्रॉइटच्या आसपास राहणारी माणसं. मंडळातल्या कितीतरी घरांची चूल मोटारीच्या धंद्यावर पेटते, आणि दिवाळीच्या फराळाला एका कोपऱ्यात चकलीपेक्षा गिअरबॉक्सचीच चर्चा जास्त कुरकुरीत चाललेली असते. तरी लिहायला मला निमित्त लागलंच. आपल्यातल्याच एका स्नेह्यांना वापरलेली जीप रँग्लर फोर-बाय-ई मिळते आहे. किंमत बरी आहे, मुलगा हट्टाला पेटला आहे, आणि आम्ही तीच गाडी 2022 ते 2025 अशी तीन वर्षं लीझवर चालवली आहे हे त्यांना ठाऊक. "घ्यावी का?" एवढंच त्यांनी विचारलं. फोनवर मी "बघू या" म्हणून वेळ मारून नेली. हे त्याचं सविस्तर उत्तर.

आधी पक्षपात कबूल करतो. वडील पाटबंधारे खात्यात होते. कालव्याच्या पाहणीला खात्याची जीप यायची आणि सुट्टीत कधीमधी मलाही मागच्या बाकावर जागा मिळायची. ताडपत्रीचं छप्पर, डिझेलचा वास, ओढ्यात गाडी घालण्याआधी ड्रायव्हरकाकांनी खाली उतरून काठीने पाणी मोजणं, हे सगळं अजून डोळ्यापुढे आहे. ती जीप अर्थात महिंद्राची. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या आणि पुढे तहसीलदारापासून प्रचाराच्या भोंग्यापर्यंत सगळ्यांना ती पुरली. आमच्याकडे वडाप म्हणजे जीपच; आत कोंबलेली माणसं, मागे लटकलेला क्लीनर. तेव्हा आपल्यापासून तासाभरावर, ओहायोतल्या टोलेडोत तयार होणाऱ्या गाडीबद्दल बोलतानाही माझ्या बोलण्याला त्या डिझेलचा थोडा वास येणारच.

आता गाडी. 2021च्या मॉडेलपासून आलेल्या या रँग्लरमध्ये 2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि जोडीला विजेच्या दोन मोटरी आहेत. लहान मोटर इंजिनाला पट्ट्याने जोडलेली. मोठी, 134 हॉर्सपॉवरची, आठ गिअरच्या गिअरबॉक्सच्या पोटातच बसवली आहे, एरवी जिथे टॉर्क कन्व्हर्टर असतो तिथे. ही जागा फार विचारपूर्वक निवडलेली. पुष्कळशा हायब्रिड गाड्यांत मागच्या चाकांना एक वेगळी मोटर देऊन 'फोर-व्हील' म्हणतात. इथे तसं नाही. विजेची ताकदही ट्रान्सफर केसमधूनच पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला जाते, त्यामुळे इंजिन बंद ठेवून फोर-लोमध्येसुद्धा गाडी चढते. मागच्या सीटखाली सुमारे 17 किलोवॅट-अवरची, म्हणजे घरच्या वीजबिलाच्या भाषेत 17 युनिटची बॅटरी. सगळं मिळून 375 हॉर्सपॉवर आणि भरलेल्या बॅटरीवर 21 मैल. हा 21चा आकडा लक्षात ठेवा.

सौ.चं ऑफिस नऊ मैलांवर. जाऊन-येऊन अठरा. म्हणजे ही गाडी जणू तिच्यासाठीच बेतून शिवलेली. गॅरेजमध्ये 240 व्होल्टचा चार्जर बसवून घेतला, त्यावर अडीच तासांत बॅटरी भरते. (साध्या प्लगवर बारा तासांहून जास्त.) एप्रिल ते ऑक्टोबर आठवड्याचे पाच दिवस पेट्रोल जवळजवळ लागतच नसे. रात्री दिवे मालवताना "दूध आत ठेवलं का?" या प्रश्नापाठोपाठ "वायर लावली का?" हा नवा प्रश्न आमच्या घरात रुजला. तीन वर्षांत तो विसरण्यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी टी.व्ही.च्या रिमोटवरूनही झाली नाहीत.

पण पैसे किती वाचले? इथे भलेभले फसतात, मीही फसलो होतो. गाडीच्या काचेवरच्या कागदावर ई.पी.ए.चा मोठा आकडा होता, विजेवर गॅलनला 49 मैलांच्या बरोबरीचा. हा गॅलन म्हणजे 33.7 युनिट वीज. भागाकार केला की मैलाला सुमारे 0.69 युनिट, आणि 21 मैलांना साडेचौदाच्या आसपास. आमच्या बिलात युनिट साधारण 19 सेंटला पडायचं, म्हणजे पावणेतीन डॉलर. तेच 21 मैल पेट्रोलवर, कागदावरच्या गॅलनला 20 मैलांच्या हिशेबाने, गॅलनभरापेक्षा थोडं जास्त. सव्वातीन डॉलरचा भाव धरला तर तीन डॉलर चाळीस सेंट. बचत दिवसाला साठ-सत्तर सेंट! एवढ्यात आपल्या पटेल स्टोअरमध्ये कोथिंबिरीची जुडीही येत नाही. रात्रीचा स्वस्त दर घेतला तर थोडं अधिक सुटेल, पण या गाडीकडे पेट्रोल वाचवायचं साधन म्हणून बघण्यात अर्थ नाही.

याचं कारण बॅटरीत नाही, गाडीच्या आकारात आहे. त्याच वर्षीच्या टोयोटा रॅव्ह-4 प्राइमची बॅटरी याहून जेमतेम मोठी, 18 युनिटची, आणि ती 42 मैल जाते. बरोबर दुप्पट. रँग्लर म्हणजे चाकं लावलेलं गोदरेजचं कपाट. काच सरळ उभी, दारांच्या बिजागऱ्या बाहेर, टायर जाडजूड, वजन 5 हजार पौंडांच्या वर. वारा तिला मागे ढकलतो आणि ती वाऱ्याला पुढे. हे सगळं कपाटपण ज्यासाठी केलं आहे तिथे तिला नेलंच नाही, तर विजेचा आणि आकाराचा दोन्हीचा अपव्यय.

म्हणून नेलं. लेक मिशिगनच्या काठी सिल्व्हर लेकला वाळूच्या टेकड्या आहेत, तिथे परवाना घेऊन आणि गाडीला उंच काठीवर नारिंगी झेंडा लावून गाड्या चालवू देतात. आपल्यापैकी पुष्कळजण मुलांना घेऊन त्या बाजूला जाऊन आले असतील, पण बहुधा भाड्याच्या गाडीत बसून. आम्ही नोव्हायहून पहाटे निघालो. पहिली चूक इथेच. गाडी हायब्रिडवर ठेवली होती. ब्रायटन मागे पडतं न पडतं तोच बॅटरी रिकामी आणि उरलेला सगळा प्रवास पेट्रोलवर. टेकड्यांवर पोचलो तेव्हा आमची गाडी इतर कुठल्याही जीपसारखी गुरगुरत होती. दुसऱ्या खेपेला शहाणपण आलं. 'ई-सेव्ह' नावाचं बटण आहे, ते दाबलं की बॅटरी राखून ठेवली जाते. घरापासून वाळूपर्यंत पेट्रोल, वाळूत वीज.

आणि तो अनुभव, काय सांगू! टायरची हवा कमी केली, फोर-व्हील टाकलं, छप्पर आणि दारं आधीच काढून ठेवली होती. टेकडी चढताना इंजिनाचा आवाजच नाही. टायरखाली वाळू सरकते त्याचा सूं सूं आवाज, वर झेंड्याची फडफड आणि माथ्यावर आल्यावर एकदम समोर निळं पाणी. पेट्रोलच्या गाडीला वाळूत वेग धरून ठेवावा लागतो, इंजिन रेटावं लागतं. विजेच्या मोटरची ताकद पहिल्या फेरीपासून हजर असते, त्यामुळे पायाने मोजून-मापून, अगदी हळूसुद्धा चढता येतं. माझ्यासारख्या नवशिक्याला याचा फार आधार वाटला. मुलगी मागून म्हणाली, "बाबा, बंद पडली का?" सगळ्या परीक्षणात मी या गाडीला जे काही गुण देतो आहे त्यातले निम्मे त्या चढावरचे आहेत. अर्थात वाळू वीजही भसाभसा खाते. पाऊण तासात काटा खाली आला आणि पुन्हा गुरगुर सुरू झाली.

आता यातली विसंगती बघा. ती पाऊण तासाची शांतता मिळवायला मी जाऊन-येऊन चारशेच्यावर मैल पेट्रोल जाळलं, तेही गॅलनला वीसच्या हिशेबाने, जे त्याच इंजिनाच्या साध्या रँग्लरपेक्षा किंचित कमीच आहे, कारण बॅटरीचं ओझं रिकामी झाल्यावरही वाहावं लागतं. जंगल, टेकड्या, वाळवंट ही घरापासून 21 मैलांत नसतात. निदान आपल्या घरांपासून तरी नाहीत. रस्त्यावर चार्ज करायचं म्हटलं तर या गाडीला जलद डीसी चार्जिंगची सोयच दिलेली नाही. गाडीची दोन्ही अंगं आपापल्या जागी उत्तम आहेत. फक्त त्यांची गाठ पडते ती वर्षातून दोन-चार वेळा.

हिवाळ्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आपल्याला तो सांगायला नको. कडक थंडीत विजेचं बटण दाबलं तरी इंजिन सुरू होतं. आणि फार दिवस पेट्रोल वापरलंच नाही तर शिळं पेट्रोल आणि तेल वापरात यावं म्हणून गाडी स्वतःहून इंजिन चालवते. एकादशी करणाऱ्याला द्वादशीच्या आधीच ताटावर बसवण्यासारखं हे आहे. तांत्रिकदृष्ट्या त्यात चूक काही नाही; पेट्रोल टाकीत पडून खराब होतंच. पण घेताना कोणी हे सांगत नाही.

सांगत नाहीत अशा गोष्टींवरून आठवलं. लीझ संपल्यावर गाडी परत करायला गेलो, तेव्हा तिथे आणखी एक फोर-बाय-ई परत आलेली उभी होती. तिच्या मागच्या कप्प्यात चार्जिंगच्या वायरची पिशवी होती, प्लॅस्टिकचं वेष्टणही न फोडलेली! तीन वर्षं त्या माणसाने बॅटरीचं ओझं नुसतं फिरवलं. 2022 आणि 2023 मध्ये अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेली प्लग-इन हायब्रिड म्हणजे हीच. त्यातल्या किती जणांनी पिशवी उघडली असेल? केंद्र सरकारची साडेसात हजार डॉलरची सवलत 30 सप्टेंबर 2025 ला संपली. तोपर्यंत ती गाडीवर मिळत होती, वायर लावण्यावर नव्हे. युरोपीय आयोगाने 2024 मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरची आकडेवारी तपासली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचा धूर कागदावरच्या आकड्याच्या साधारण साडेतीनपट निघाला. गाड्या सदोष होत्या म्हणून नाही. लोक वायर लावत नव्हते म्हणून.

आणि आता ज्यांनी लावली त्यांच्याकडे वळतो. इथे थट्टा बाजूला ठेवतो. बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे कंपनीने अमेरिकेत नोव्हेंबर 2023 मध्ये सुमारे 32 हजार रँग्लर, सप्टेंबर 2024 मध्ये ग्रँड चेरोकी धरून दीड लाखावर आणि नोव्हेंबर 2025 मध्ये सुमारे 3 लाख 20 हजार गाड्या परत बोलावल्या. त्या शेवटच्या खेपेत, आधी दुरुस्ती झालेल्या गाड्याही होत्या. दर वेळी सल्ला एकच: दुरुस्ती होईपर्यंत चार्ज करू नका आणि गाडी बाहेर, घरापासून लांब उभी करा. आमच्या गाडीला तीन वर्षांत बॅटरीचा काहीही त्रास झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण आपल्या मिशिगनमधल्या घरांची रचना आठवा. गॅरेज घराला चिकटलेलं, आणि गॅरेजच्या वर बहुतेकदा मुलांची खोली. जिचा सगळा फायदा रात्री घरात उभी करून वायर लावण्यात आहे, तिला घरात ठेवू नका आणि वायर लावू नका म्हटल्यावर उरतं काय? मोठ्या वजनाची पेट्रोलची जीप. 2026च्या सुरुवातीला स्टेलांटिसने उत्तर अमेरिकेतल्या प्लग-इन हायब्रिड थांबवत असल्याचं जाहीर केलं, म्हणजे नवी फोर-बाय-ई आता यायची नाही. यंत्र म्हणून मला याचं वाईट वाटतं. गिअरबॉक्सच्या पोटात मोटर घालून फोर-लोपर्यंत वीज पोचवण्याची ती कल्पना फार सुंदर होती.

तेव्हा स्नेहीमहाशय, तुमच्यासाठी. गाडीच्या व्ही.आय.एन. नंबरावरून केंद्रीय महामार्ग सुरक्षा खात्याकडे रिकॉल तपासा आणि बॅटरीचं काम पूर्ण झाल्याचं डीलरकडून लेखी घ्या. "सॉफ्टवेअर टाकलंय" एवढ्यावर समाधान मानू नका. ते लेखी हातात नसेल, तर किंमत कितीही उतरली तरी नको, कारण तुमचंही गॅरेज धाकट्याच्या खोलीखाली आहे. काम झालेलं असेल, तर तुमचं ऑफिस सव्वीस मैलांवर आहे आणि वहिनींचं सहा, हे लक्षात घेऊन ती वहिनींच्या नावावर घ्या. त्यांना उंच गाडी आवडत नाही हे मला माहीत आहे. आणि हे सगळं जमत नसेल तर साधी पेट्रोलची रँग्लर बघा, वाळूत तीही चढते. आवाज करते, एवढंच.

मुलाचं मला समजतं. माझी हरकत त्याच्या हट्टाला नाहीच. शनिवारी गाडी बघायला जाणार असाल तर मीही येतो. मागचा कप्पा उघडून ती पिशवी फोडलेली आहे की नाही, ते मला आधी बघायचं आहे.