नवेगाव बांधचे शब्द : साहित्यातील गौरव आणि प्राथमिक वर्गातील दुरुस्ती

प्रास्ताविक

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या नवेगाव बांध या गावाला मराठी साहित्यात जे स्थान लाभले, ते प्रामुख्याने मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे. वनाधिकारी म्हणून या परिसरात व्यतीत केलेला काळ ‘नवेगावबांधचे दिवस’ आणि ‘चकवाचांदण’ या ग्रंथांतून वाचकांपर्यंत पोहोचला. २००६ साली सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले; २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याचा गौरव करताना एक गोष्ट सातत्याने सांगितली गेली, ती अशी की त्यांनी मराठीला अरण्याची शब्दसंपदा मिळवून दिली.

ही संपदा मुळात कोणाच्या तोंडची होती? गोंड, ढिवर, कोहळी आणि झाडीपट्टीत राहणाऱ्या इतर समाजांच्या दैनंदिन बोलण्यातून तिचा मोठा भाग आला. त्याच समाजांची मुले आज प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गात बसतात. साहित्यात जी बोली मौलिक ठरली, ती वर्गात कोणत्या दर्जाने वावरते, या प्रश्नाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अधिकारी विद्यार्थी होतो तेव्हा

चितमपल्लींच्या नवेगावविषयक लेखनाचे वाचन बहुधा निसर्गवर्णन म्हणून केले जाते. शिक्षणाच्या अंगाने ते वाचले असता त्यात एक अध्ययनप्रक्रिया दिसते. वनशास्त्राचे रीतसर प्रशिक्षण घेतलेला अधिकारी येथे येतो आणि माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या स्थानिक जाणकाराच्या सहवासात पुन्हा शिकू लागतो. येथे ज्ञानाचा नेहमीचा प्रवाह उलटा होतो. शासनाचा प्रतिनिधी विचारतो आणि गावचा माणूस सांगतो.

या अध्ययनाचा क्रमही लक्षणीय आहे. प्रथम प्रत्यक्ष निरीक्षण, त्यानंतर त्या गोष्टीचे गावात रूढ असलेले नाव आणि शेवटी ग्रंथातील शास्त्रीय माहितीशी त्या नावाचा मेळ. ‘पक्षिकोशा’सारखे संदर्भग्रंथ या शिस्तीतूनच सिद्ध झाले. बोलीतील नाव येथे तात्पुरता आधार म्हणून घेतलेले नाही. तो ज्ञानाचा पुरावा आहे, कारण त्या नावात पक्ष्याची सवय, वनस्पतीचा उपयोग किंवा जागेची खूण साठवलेली असते.

तथापि या लेखनाच्या स्वागताची एक मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. शब्द कोशात गेला तो संग्राहकाच्या नावाने. बोलणाऱ्या समाजाच्या प्रतिष्ठेत त्यामुळे फारशी भर पडली नाही. वाचकाने शब्दाचे कौतुक केले, परंतु तो शब्द सहज उच्चारणाऱ्या मुलाला त्या कौतुकाचा वाटा मिळाला नाही.

बांध, बोडी आणि पाठ्यपुस्तक

नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा आहे. डोंगरांमधील खिंडी मातीच्या पाळीने अडवून साकारलेली ही रचना कोहळी समाजाच्या जलव्यवस्थापनाची साक्ष देते. गोंदिया, भंडारा आणि लगतच्या जिल्ह्यांत असे असंख्य लहानमोठे तलाव आहेत. त्यांतील अनेक मालगुजारी काळापासून चालत आलेले आहेत. त्यांच्याभोवती स्वतंत्र परिभाषा तयार झाली : बोडी म्हणजे लहान तळे, तुडूम म्हणजे पाणी सोडण्याची सोय, सलंग म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याची वाट. धानशेतीची परिभाषा तिला जोडूनच येते : बांधी, धुरा, पऱ्हे, रोवणी.

सहा-सात वर्षांच्या मुलाला यांतील बहुतेक शब्द शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असतात. शब्दांबरोबर कार्यकारणही ठाऊक असते. पाणी केव्हा सोडायचे, वरच्या बांधीतून खालच्या बांधीत ते कसे उतरते, धुरा फुटला तर कोणाचे नुकसान होते, हे त्याने घरातल्या बोलण्यातून ऐकलेले असते. उतार, पातळी, वाटप, न्याय या संकल्पनांची ही पूर्वतयारीच होय. धान मोजण्याच्या पायली, कुडो, खंडी या मापांतही गणिताची बीजे आहेत. खंडी हा शब्दच विसाच्या गणनेशी निगडित आहे.

महाराष्ट्रात तिसरीच्या परिसर अभ्यासाचे पाठ्यपुस्तक जिल्हानिहाय तयार केले गेले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु जिल्हा हा प्रशासनाचा घटक आहे. मुलाचा परिसर त्याहून कितीतरी लहान आणि सघन असतो. जिल्ह्याच्या माहितीवर आधारलेला प्रश्न साधारणतः नावे विचारतो : तालुके किती, नदी कोणती, प्रसिद्ध तलाव कोणता. नवेगावच्या मुलाने ‘नवेगाव बांध’ असे उत्तर लिहिले की त्याला गुण मिळतो आणि विषय संपतो. पाळीला बेशरमाची झुडपे का वाढू देऊ नयेत, गाळ साचल्यावर मासळीचे काय होते, हे प्रश्न त्या उत्तराच्या पलीकडे राहतात. परिसराचे नाव वर्गात येते, पण परिसरातून होणारा विचार वर्गाबाहेरच थांबतो.

श्रुतलेखनातील चूक

बोलीचा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने समोर येतो तो लेखनात. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीच्या ध्वनिव्यवस्थेची वैशिष्ट्ये स्पष्ट केली आहेत. प्रमाण मराठीतील ‘ण’च्या जागी येथे ‘न’, ‘ळ’च्या जागी ‘र’ आणि ‘श’च्या जागी ‘स’ येतो. ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो, ‘पाणी’ हे ‘पानी’ होते. हे उच्चारण निष्काळजीपणाचे नाही. ते नियमबद्ध आहे.

श्रुतलेखन तपासताना मात्र सर्व चुका एकाच मापाने मोजल्या जातात. मात्रा विसरलेले मूल आणि ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिणारे मूल यांच्या वह्यांवर सारखीच लाल खूण उमटते. वस्तुतः या दोन भिन्न जातीच्या चुका आहेत. पहिलीत शिकवलेले विसरले गेले आहे. दुसरीत मुलाने ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध अचूक लावला आहे. त्याच्या बोलीत जो ध्वनिभेद नाही, तो भेद त्याला अद्याप कोणी ऐकवलेला नाही. म्हणजे वाचन-लेखनाचे जे मूलतत्त्व शाळेला शिकवायचे आहे, ते आत्मसात केल्याबद्दलच त्याचा गुण कापला जातो.

याचे परिणाम केवळ गुणांपुरते राहत नाहीत. आपण बोललो की चुकतो, असा अनुभव वारंवार आलेले मूल बोलणे कमी करते. वर्गात शांत बसणारे मूल शिस्तीचे समजले जाते. त्या शांततेमागे भाषेचा संकोच आहे, हे लक्षात येईपर्यंत ते तिसरी-चौथीत पोहोचलेले असते. ज्यांच्या घरी गोंडी वा हलबी बोलली जाते, त्यांच्यापुढे तर झाडीबोली आणि प्रमाण मराठी अशा दोन पायऱ्या असतात.

शिक्षक, रचना आणि धोरण

या स्थितीचा दोष केवळ शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. अर्थात लहान गावात एकाच शिक्षकाकडे एकाहून अधिक वर्ग असतात. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला गुंतवून ठेवण्यासाठी फळ्यावरचे उतरवून घेणे हाच सोपा मार्ग उरतो. संवादाला वेळ लागतो आणि बोली ही संवादातूनच वर्गात येऊ शकते. शिवाय दूरच्या जिल्ह्यातून आलेल्या शिक्षकाला ‘पऱ्हे’ म्हणजे भाताची रोपे, हेही प्रथम शिकावे लागते.

धोरणांचे शब्द मात्र अनुकूल आहेत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेबाहेरील जीवनाशी ज्ञान जोडण्याचा आग्रह धरला. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षणाचे तत्त्व मांडते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याचा पुनरुच्चार केला. परंतु ‘मराठी’ ही मातृभाषा मानली की झाडीपट्टीतील मुलाचे प्रकरण कागदावर मिटते. भाषा आणि बोली यांतील अंतर धोरणाच्या चाळणीतून निसटते.

कोसबाडचा दाखला

यावर उपाय मराठी प्रदेशाला अपरिचित नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी केलेले कार्य सर्वश्रुत आहे. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा शाळाच कुरणात गेली आणि ‘कुरणशाळा’ निर्माण झाली. या प्रयोगाचे मर्म केवळ जागेच्या बदलात नाही. मूल शाळेस अयोग्य आहे असे न मानता शाळा मुलास अयोग्य आहे, असे त्यात गृहीत धरले गेले. रोवणीच्या दिवसांत घसरणारी उपस्थिती किंवा मंडईच्या रात्रीनंतर पेंगणारा वर्ग यांच्याकडे पाहतानाही हीच दृष्टी उपयुक्त ठरेल.

एक आक्षेप

बोलीला वर्गात स्थान दिल्यास मुले प्रमाणभाषेत मागे पडतील, हा आक्षेप पालकही घेतात आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आली. स्पर्धेची भाषा कोणती, हे पालकांना ठाऊक आहे. परंतु येथे प्रमाणभाषेला पर्याय सुचवलेला नाही. ‘डोरा’ म्हणणाऱ्या मुलाने ‘डोळा’ लिहिता यावे, हे ध्येय कायमच आहे. प्रश्न मार्गाचा आहे. ‘तू म्हणतोस ते बरोबर, पुस्तकात ते असे लिहितात’ या एका वाक्याने दोन्ही रूपे मुलाच्या हाती राहतात. ‘चूक’ या एका शब्दाने एक रूप हिरावले जाते आणि दुसरे मिळेलच याची खात्री नसते.

समारोप

चितमपल्लींच्या लेखनाने हे सिद्ध केले की नवेगावच्या माणसांकडून शिकता येते आणि त्या शिकण्यातून मराठी समृद्ध होते. मात्र त्यांनी हे शिकणे प्रौढपणी आणि स्वेच्छेने स्वीकारले. पहिलीच्या मुलाला निवडीचे स्वातंत्र्य नसते. म्हणूनच जबाबदारी शाळेची आणि शाळेला शिक्षक पुरवणाऱ्या अध्यापक विद्यालयांची व महाविद्यालयांची आहे. झाडीपट्टीतील महाविद्यालयांचे मराठी विभाग बोलीवर शोधनिबंध सिद्ध करतात. त्या अभ्यासातून पहिली-दुसरीच्या शिक्षकासाठी ध्वनिभेदांची एक साधी पुस्तिका आणि तलाव-शेतीच्या शब्दांची एक यादी तयार होणे अशक्य नाही. तसे झाले नाही, तर बोलीचा गौरव संमेलनांत होत राहील आणि वर्गात तीच बोली खोडली जाईल. त्या विसंगतीची किंमत प्रत्येक जूनअखेरीस शाळेत पहिले पाऊल टाकणारे मूल मोजत राहील.