पाच मिनिटांत पूर्वग्रह

रविवारच्या पुरवण्यांना हल्ली आपला मेंदू सापडला आहे. पूर्वी त्या पोट कमी करायला सांगत, ते परवडत होतं. पोट निदान दिसतं तरी. परवाचा मथळा होता, ‘तुमच्याही मेंदूत दडलाय पूर्वग्रह!’ आणि खाली तो पाच मिनिटांत ओळखायची मोबाइलवरची चाचणी. आमच्या खामगावात असलं काही आलं की ते आधी केशकर्तनालयात मोठ्यानं वाचलं जातं. गालावर वस्तरा असलेला माणूस सहसा मतभेद दाखवत नाही, त्यामुळं शास्त्राचा प्रसार झपाट्यानं होतो.

शेजारच्या मास्तरांनी चाचणी दिली. सकाळी ते ‘मध्यम पूर्वग्रही’ निघाले. दुपारी भरीत-भाकरी खाऊन, वामकुक्षी आटोपून पुन्हा बसले, तर निःपक्षपाती! न्यायाधीशांना वांगी सक्तीची करावीत, असं मास्तरीणबाईंचं मत पडलं.

त्यात भरताचं कर्तृत्व काही नाही. ही चाचणी 1998 साली अमेरिकेत अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. पडद्यावरचे चेहरे आणि शब्द डाव्या-उजव्या कळा दाबून वेगळे करायचे आणि कुठल्या जोडीला बोट किती मिलिसेकंद अडखळतं ते मोजायचं. पुष्कळ माणसांची सरासरी काढायला ठीक. एकट्या मास्तरांची कुंडली मांडायला नव्हे, कारण त्याच माणसाचा आकडा दुसऱ्या खेपेला बराच हलतो. 2019 साली 492 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की हा आकडा थोडाफार बदलता येतो, पण त्यानं माणसाचं वागणं बदलतं असा पुरावा मिळत नाही. लेखात याबद्दल अवाक्षर नव्हतं. असतं तर चाचणी कोण देणार?

आकड्यांची तर कमालच. 1999 साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. 720 डॉक्टरांना नट-नट्यांनी वठवलेले रोगी चित्रफितीत दाखवले आणि विचारलं, यांना हृदयात नळी घालून करायच्या तपासणीला पाठवाल का? वर्तमानपत्रांनी सांगितलं, कृष्णवर्णीयांना आणि बायकांना पाठवण्याची शक्यता 40 टक्क्यांनी कमी! प्रत्यक्षात गोऱ्यांना शंभरातून 91 वेळा पाठवलं होतं, कृष्णवर्णीयांना 85 वेळा. पुरुष आणि बायकांचंही तेच. मग 40 आले कुठून? संख्याशास्त्रात होकाराला नकारानं भागून एक प्रमाण काढतात. 91 ला 9 म्हणजे दहास एक. 85 ला 15 म्हणजे पावणेसहास एक. दहाचे पावणेसहा झाले, बातमीदार मोकळा! त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी हे आकडे उलगडले, तर गोरे पुरुष, गोऱ्या बायका आणि कृष्णवर्णीय पुरुष, सगळे 91 वरच. एकट्या कृष्णवर्णीय बायका 79 वर. म्हणजे जिच्यावर खरा अन्याय झाला तीच बातमीच्या गर्दीत हरवली.

आपल्याकडचा दाखला या लेखकांना का आठवत नाही, कोण जाणे. मूळचे आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना 4,808 अर्ज धाडले. लायकी सारखी, नावं निराळी. 2007 साली त्यांनी निष्कर्ष छापला : उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याचं तेच होकार-नकाराचं प्रमाण 0.67, मुसलमान नावाला 0.33. त्यांनी कुणाच्या कवटीत डोकावलं नाही. कुणाला उत्तर आलं नि कुणाला नाही, एवढंच मोजलं. मला हे मोजणं पटतं. पोस्टमन एकतर येतो, नाहीतर येत नाही.

आणि आमच्याकडे तर डोकवायची गरजही नसते. नव्यानं नोकरीला आलेल्या एका तरुणाला घेऊन मी मागं एक खोली पाहायला गेलो होतो. घरमालकांनी पाणी दिलं, खोली दाखवली, भाडंही ठरलं. मग म्हणाले, ‘‘नाव सांगतलं तुमी, पन आडनाव काय तं?’’ पोरानं सांगितलं. आतून येणारा चहा दारातच थबकला. ‘‘अरे हो, खोली तं कालच गेली ना भाऊ!’’

पुरवणीतला तो लेख परवा त्यांनीही वाचला. वाचून भलतेच खुश होते. मला रस्त्यात थांबवून म्हणाले, ‘‘पाहा, सायन्सच सांगते! सगळ्याइच्याच डोक्यात असते म्हने. मंग आपला कायचा दोष?’’

‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी अजून त्यांच्या फाटकावर आहे.