कोयत्याचा हिशेब आणि मराठी डिस्टोपिया

कयाधूकाठचे नरसी नामदेव हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्याच हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाच्या देवळाशी त्यांची एक आख्यायिका जोडलेली आहे. पुजाऱ्यांनी त्यांना कीर्तनातून उठवले, ते देवळामागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांच्या ज्या ६१ रचना आहेत, त्यांतही देऊळ फिरल्याचा प्रसंग येतो. भक्तीचा महिमा म्हणून ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. पण तिच्यातल्या उठवणाऱ्यांकडे जरा नीट पाहावे. त्यांच्याजवळ नियम आहे, नियमामागे पावित्र्य आहे, आणि आपण काही वावगे करतो आहोत असे त्यांना मुळीच वाटत नाही. शिवाय फिरते ती इमारत. नियम जागचा हलत नाही. मंगळवेढ्याला भिंतीचे काम करताना ती कोसळून संत चोखोबा गेले. परंपरा सांगते, की नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, पण त्या महाद्वाराबाहेरच विसावल्या. ते दार दलितांना उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. स्वतःला धर्म्य आणि सर्वांच्या भल्याची म्हणवणारी व्यवस्था आणि तिच्याखाली भरडला जाणारा माणूस, हाच डिस्टोपियन कथेचा गाभा. मराठी कादंबरीने त्याला हात घातला तो मात्र अगदी अलीकडे, तोही बिचकत. याचे कारण सामग्रीच्या किंवा प्रतिभेच्या तुटवड्यात शोधू नये. आपल्या कादंबरीला दुःख सांगायची सवय आहे. त्या दुःखाची वही कोण लिहितो आणि त्यातून सोय कोणाची होते, हे विचारायची सवय तिने फारशी लावून घेतली नाही.

मराठवाड्यातली ऊसतोड हे त्याचे जवळचे उदाहरण. हंगामाआधी मुकादम उचल देतो. ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळते आणि हिशेबात ही जोडी म्हणजे ‘एक कोयता’. दोघांपैकी एकाने दिवस बुडवला की खाडा लागतो; खाड्याचे पैसे अंगावर चढतात, आणि हंगामात फिटले नाहीत तर पुढच्या साली त्याच मुकादमाकडे जावे लागते. बाईची पाळी, बाळंतपण, दुखणेखुपणे यांना या वहीत रकानाच नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला आणि सरकारला समिती नेमावी लागली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मार्गारेट ॲटवुड यांच्या ‘द हँडमेड्‌स टेल’मध्ये (१९८५) राज्यसत्ता बाईच्या गर्भाशयावर मालकी सांगते. इतिहासात कुठे ना कुठे घडले नाही असे काहीही या कादंबरीत घालायचे नाही, असा दंडक ॲटवुड यांनी स्वतःला घालून घेतला होता. बीडची गोष्ट त्यांच्या कल्पनेच्या नेमकी उलट जाते. इथे गर्भाशय कोणालाच नको आहे, हवा आहे तो न बुडणारा दिवस. हुकूम सुटत नाही, पहारा बसत नाही, आणि कागदावर बाईचा अंगठा असतो. याहून बिनचूक डिस्टोपियन यंत्रणा कोणा कादंबरीकाराला सुचली असती का, शंकाच आहे.

हीच सामग्री ग्रामीण वास्तववादाच्या हाती येते तेव्हा काय होते? सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२) ही प्रामाणिक आणि ताकदीची कादंबरी. शेतकरी कुटुंबाची पडझड तिने जवळून दाखवली. परभणीकडच्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’मधल्या कथा त्याही पुढे जाऊन गावातल्या सत्तेचे ताणेबाणे उलगडतात. तरीही या वळणाच्या बहुतेक लेखनात संकट वरून कोसळल्यासारखे येते. पाऊस जातो, भाव पडतो, सावकार दारात उभा राहतो, वाचक हळहळतो. चहात साखर घालणारा तो वाचक चौकटीबाहेरच राहतो. डिस्टोपियन रीत त्याला ओढून आत आणू शकते, कारण त्या जगाचे नियम त्याच्याच सोयीसाठी बनलेले असतात.

हे जाणून लिहिलेली ठळक मराठी कादंबरी म्हणजे नंदा खरे यांची ‘उद्या’ (२०१४). नजीकच्या भविष्यातला भारत, घटलेल्या मुली, माणसामाणसावरची पाळत आणि माहितीवर ताबा असलेल्या बड्या कंपन्या हे तिचे जग. खरे पेशाने स्थापत्य अभियंता होते आणि त्यांची कल्पनाशक्तीही त्याच शिस्तीची होती : कुठल्या खांबावर किती भार येतो हे पाहणारी. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. असा आकडा वीस-पंचवीस वर्षे पुढे सरकवला की लग्नाचे, बाजाराचे, हिंसेचे काय होईल, असा प्रश्न ‘उद्या’ विचारते. तिच्यात प्रतीके हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. आकडेवारीच प्रतीकाचे काम करते. काही ठिकाणी निवेदन वैचारिक लेखाकडे झुकते आणि पात्रे मागे पडतात, हा तिचा दोष मान्य करावा लागेल. २०२० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नाकारला, याचीच चर्चा अधिक झाली. कादंबरीच्या घडणीवर त्या मानाने फार थोडे लिहिले गेले.

प्रवीण बांदेकर यांच्या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या तर प्रतीक कुठून घ्यावे याचा धडा मिळतो. ‘इंडियन ॲनिमल फार्म’ ऑर्वेलचा साचा उचलते, आणि वाचक कोणता प्राणी म्हणजे कोण हे कोडे सोडवत बसतो. ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ दक्षिण कोकणातल्या कळसूत्री परंपरेतून उगवते. दोरी कोणाच्या हातात हा प्रश्न तिथे आधीच खेळात बांधलेला आहे, त्यामुळे तो लादल्यासारखा वाटत नाही. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’मध्ये धरणग्रस्त गावाने मागे सोडलेल्या म्हशी रानटी होतात, आणि त्यांना आणायला निघालेला माणूस पुनर्वसनाने आपल्यातून काय काढून घेतले ते त्या जनावरांत पाहतो. भविष्यकाळाचा एक शब्दही न वापरता ही कादंबरी या प्रवाहाच्या फार जवळ येते.

जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘पिंगळावेळ’मधली (१९७७) ‘स्वामी’ ही कथा आपण नियतीची म्हणून वाचत आलो. एका वाटसरूला मठात मानाने नेले जाते, स्वामीपद दिले जाते आणि जमिनीखालच्या खोलीत कायमचे कोंडले जाते. वागणूक आदराची, भाषा मृदू, आणि मठ चालायला स्वामी लागतो हे कारण निर्विवाद. यात नियती किती आणि संस्था किती? माझ्या मते संस्थाच जास्त. समीक्षेने जीएंच्या काळोखाला इतके आध्यात्मिक करून टाकले, की त्या खोलीला कुलूप माणसांनीच लावले आहे हे दिसेनासे झाले.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल, की अशाने प्रत्येक दुःखी कादंबरी डिस्टोपिया ठरेल. ठरू नये, आणि म्हणूनच ‘बारोमास’ मी त्यात धरत नाही. छळ हाच उपकार म्हणून समजावून सांगणारी भाषा कथेच्या आत हवी, एवढी अट तरी पाळली पाहिजे. हा प्रकार परका आहे, या दुसऱ्या आक्षेपात फारसा दम नाही. कादंबरी हा प्रकारही बाहेरूनच आला. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे : व्यवस्थेला नाव ठेवण्याचे काम बाबुराव बागुलांपासून दलित साहित्याने केलेच आहे, मग काल्पनिक जग कशाला? केले, आणि मराठीत त्याहून मोठे काम दुसरे झालेले नाही. पण ते साक्षीचे लेखन आहे. साक्षीला पुराव्याचे बंधन असते आणि ती सोसणाऱ्याच्याच तोंडून यावी लागते. ज्याचे सगळे सुरळीत चालले आहे त्याचे सौजन्य, त्याची कळकळ, त्याचा ‘तुमच्याच भल्यासाठी सांगतो’ हा सूर आतून लिहायला कल्पित जगाची मोकळीक लागते. मुकादमाच्या वहीतून, कारखान्याच्या वार्षिक अहवालाच्या गोड मराठीतून किंवा शस्त्रक्रियेचा सल्ला देणाऱ्याच्या समजुतीच्या स्वरातून सांगितलेली ऊसतोडीची कादंबरी अजून माझ्या वाचनात आलेली नाही. ती लिहिणाऱ्याला भाषा घडवत बसावे लागणार नाही. तालुक्याच्या गावात ती रोज बोलली जाते.