कोलंबसाच्या मागून आलेलं रान

फेब्रुवारी संपत आला की नाशिकच्या आसपासच्या टेकड्यांवर गुलाबी फुलांचे झुपके दिसायला लागतात. पानं गळालेली, काटकुळ्या फांद्या फुलांनी गच्च भरलेल्या. लगेच रील येतं, मागे एखादं जपानी गाणं आणि वर मजकूर: 'आपलं चेरी ब्लॉसम'. ते चेरी ब्लॉसम नसतं, गिरिपुष्प असतं. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव ग्लिरिसिडिया सेपियम आणि त्याचं मूळ घर मध्य अमेरिका. पण नाव चुकलं हा काही मोठा गुन्हा नाही. अडचण पुढे आहे. समोर दिसणारा प्रत्येक हिरवा किंवा गुलाबी ठिपका आपण 'निसर्ग' या एकाच शब्दात टाकतो आणि पुढे स्क्रोल करतो. ही वाचनाची चूक आहे. वाचनाच्या चुकांवर बोलणं हे समीक्षेचं काम असेल, तर टेकडीचीही समीक्षा करायला हवी.

सुरुवात नावांपासून करू. मराठीत वनस्पतींची उत्तम समीक्षा आधीच झालेली आहे, आणि ती करणाऱ्यांनी एकही लेख लिहिलेला नाही. घाणेरी हे नाव घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेसाठी आणलेलं हे झुडूप. रंगीत फुलांचे गुच्छ बघून साहेब लोक हरखले. इथल्या माणसाने पान चुरगळून वास घेतला आणि एका शब्दात निकाल दिला. रानमोडी म्हणजे रान मोडणारी. हा शब्द म्हणजे पूर्ण प्रबंधच आहे. वेडी बाभूळ म्हणजे बाभळीसारखी दिसणारी, पण बाभळीची शिस्त नसलेली. गाजर गवताला लोकांनी काँग्रेस गवत म्हटलं, कारण ते अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानलं जातं. त्या नावात वनस्पतिशास्त्र कमी आणि राजकारण जास्त आहे.

आता दुसऱ्या बाजूची नावं बघा: गिरिपुष्प, सुबाभूळ, जलपर्णी. सगळी सुंदर, संस्कृत वळणाची, रोपवाटिकेच्या पाटीवर शोभणारी. गिरिपुष्पालाच लोक उंदीरमारी म्हणतात. गंमत म्हणजे लॅटिन ग्लिरिसिडियाचा अर्थही तोच, कारण मध्य अमेरिकेत त्याच्या बिया आणि साल उंदरांच्या विषासाठी वापरत. म्हणजे लॅटिन नाव आणि गावातलं नाव एकमेकांशी सहमत आहेत आणि मधलं गोड नाव तेवढं वेगळं बोलतं. एकाच झाडाच्या दोन नावांमध्ये दोन भूमिका असतात. एक भूमिका ते लावणाऱ्याची, दुसरी ते लावल्यावर तिथे राहणाऱ्याची.

ही सगळी मंडळी आली कुठून? घाणेरी, रानमोडी, गाजर गवत, वेडी बाभूळ, सुबाभूळ, गिरिपुष्प, जलपर्णी: सातही जणांचं मूळ अमेरिका खंडात. नाशिकच्या वाचकाला इथे एक कविता आठवायला हवी. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'त (१९४२) 'कोलंबसाचे गर्वगीत' आहे. आपण ती शाळेत वाचली, स्पर्धांमध्ये छाती काढून म्हटली. त्या कवितेतला खलाशी समुद्राला आव्हान देतो. ध्येय आणि आशा अनंत, समुद्र मात्र सान्त, असा तिचा ताल. पारतंत्र्याच्या काळात तरुणांना ती हवी होती आणि तिचं तेज आजही कमी झालेलं नाही. पण कोलंबस आज परत वाचताना आपल्याला जहाजाच्या तळाशीही बघावं लागतं. १४९२ नंतर दोन्ही गोलार्धांमध्ये पिकं, जनावरं, रोग आणि तण यांची जी प्रचंड देवाणघेवाण झाली, तिला इतिहासकार आल्फ्रेड क्रॉस्बी यांनी १९७२ मध्ये कोलंबसाचंच नाव दिलं. कुसुमाग्रजांचा कोलंबस जिंकतो माणसाच्या जिद्दीमुळे. क्रॉस्बींचा कोलंबस सोबत काय काय घेऊन चाललाय हे त्याचं त्यालाच माहीत नसतं. कवितेतला अनंत म्हणजे माणसाची आशा. पानवेलीने भरलेल्या गोदावरीच्या काठावर उभं राहिलं की अनंत या शब्दाचा दुसरा अर्थ समोर तरंगताना दिसतो.

त्या पानवेलीचा, म्हणजे जलपर्णीचा, हिशेब साधा आहे. अनुकूल परिस्थितीत ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. म्हणजे सोळा आठवड्यांत आठ वेळा दुप्पट, एका रोपाची २५६. पण 'अनुकूल परिस्थिती' हे दोन शब्द नीट वाचायला हवेत. तिला लागतं संथ पाणी आणि त्यात विरघळलेलं नायट्रोजन, फॉस्फरस. संथ पाणी बंधारे देतात आणि खुराक सांडपाणी देतं. शहर ओलांडून नदी दसक, चांदोरी, सायखेडा करत नांदूर मध्यमेश्वरकडे जाते तेव्हा तिच्यात काय काय मिसळलंय, याचा सगळ्यात प्रामाणिक अहवाल पानवेल देते. पुरात ती पुलांना अडकते, बातमी येते, यंत्र लावून काढली जाते. काही महिन्यांनी पुन्हा तीच बातमी. माझ्या धंद्यात याला लक्षणावर इलाज म्हणतात. स्क्रीनवरची चूक पुसायची आणि ती जिथून येते तो कोड तसाच ठेवायचा.

टेकडीवरची गोष्ट याहून संथ आणि म्हणून जास्त फसवी आहे. गिरिपुष्प शेंगवर्गीय. त्याच्या मुळांवरच्या गाठींमधले जीवाणू हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. खडकाळ उतारावर नुसती फांदी खोचली तरी ते जगतं आणि आपल्याकडची गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. वृक्षारोपणाच्या अहवालात 'जगलेली रोपं' असा रकाना असतो, त्या रकान्यासाठी याहून चांगलं झाड मिळणार नाही. शेताच्या बांधावर ते खरोखर उपयोगी आहे, त्याच्या पाल्याचं हिरवळीचं खत उत्तम होतं. मग टेकडीवर बिघडलं कुठे?

'सुपीक' हा शब्द आपण शेताच्या चष्म्यातून वाचतो, तिथे बिघडलं. बेसॉल्टच्या कातळावरची वीतभर माती नायट्रोजनला गरीब असते आणि तिथलं गवत, कंद, पावसाळी फुलं या गरिबीतच घडलेली आहेत. नाशिकजवळच्या अंजनेरीवर कंदीलपुष्पाची एक जात सापडली. २००६ मध्ये ती विज्ञानाला नवी म्हणून नोंदली गेली आणि तिच्या नावातच अंजनेरी आहे: सेरोपेजिया अंजनेरिका. अशा वनस्पतींना खत नको असतं, उघडं आकाश आणि उथळ माती हवी असते. वर सावली आली आणि खाली नायट्रोजन वाढला की भरभर वाढणाऱ्या तणांना मेजवानी मिळते आणि सावकाश जगणारे मागे पडतात. झाड पुढे तोडलं तरी मातीतला बदल लगेच पुसला जात नाही. आधीच्या टीमने लिहिलेला कोड ती टीम गेल्यावरही चालत राहतो, तसंच हे.

आता प्रश्न साहित्याचा. हे सगळं आपल्या निसर्गलेखनात का दिसत नाही?

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ चं. चैत्र ते फाल्गुन, बारा महिने, बारा लेख. मराठी निसर्गलेखनाला त्याने डोळे दिले असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. आणि १९५६ मध्येच पुण्यात सापडलेल्या गाजर गवताची भारतासाठी नवीन वनस्पती म्हणून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये नोंद झाली. हा योगायोग आहे, पण बोलका आहे. 'ऋतुचक्रा'ची ताकद त्याच्या आकारात आहे. ते चक्र आहे. जे गेलं ते परत येणार, पळस पुन्हा फुलणार, हा त्या आकाराचा विश्वास. गाजर गवताचा काळ मात्र चक्राचा नाही, रेषेचा आहे. यंदा इथपर्यंत, पुढच्या वर्षी तिथपर्यंत, परत फिरणं नाही. दुर्गाबाईंकडून १९५६ मध्ये या रेषेची अपेक्षा करणं अन्याय होईल. पण त्यांच्यानंतरच्या सत्तर वर्षांत आपण त्यांचा डोळा सोडून फक्त आकार उचलला. आजही वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधला बराचसा निसर्ग 'बहर आला' आणि 'बहर ओसरला' यांच्यामध्येच फिरतो. बहर कोणाचा आणि कोणाच्या जागेवर, हा प्रश्न त्या वर्तुळात मावत नाही.

दुसरं कारण हिरव्या रंगाचं. बालकवींच्या श्रावणापासून आपल्या मनात निसर्ग म्हणजे हिरवा, असं पक्कं बसलंय. पण मराठीकडे दुसरा डोळाही होता. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) वाचा. माणदेशातल्या धनगरांची ती वस्ती माळावर उभी आहे आणि तिचा सगळा डोलारा गवतावर आहे. पाऊस फिरला, चारा संपला की मेंढरं जातात, मग माणसं जातात, मग गावच उरत नाही. मराठी कादंबरीत गवताला एवढं वजन क्वचितच कुणी दिलं असेल. मेंढका माळाला कधी रिकामा म्हणणार नाही. त्याला 'पडीक' म्हणतं ते सरकारी दप्तर, आणि पडीक म्हटलं की तिथे खड्डा खणायला परवानगी मिळते.

हा माळ जंगल तोडून झालेला उजाडपणा आहे, असं आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ मध्ये एक वेगळीच गोष्ट केली. त्यांनी जुनं मराठी साहित्य, लोकगीतं, चरित्रं, दैवतकथा पर्यावरणाचा पुरावा म्हणून वाचलं. त्यात ओळखता आलेल्या ४४ रानवनस्पतींपैकी जवळपास दोन तृतीयांश विरळ झाडांच्या, गवताळ माळाच्या निघाल्या. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचा हा भाग किमान साडेसातशे वर्षं असाच आहे. मला हे मराठी समीक्षेतलं अलीकडचं एक महत्त्वाचं काम वाटतं आणि ते मराठी विभागातून न येता पर्यावरणशास्त्रातून यावं, यात आपल्यासाठी थोडी चपराकही आहे.

दरम्यान राज्याने २०१६ ते २०१९ या काळात झाडं लावण्याची लक्ष्यं ठेवली ती अशी: २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी, ३३ कोटी. आकड्यांचंही एक साहित्य असतं आणि त्याला समीक्षक मिळत नाही. त्या आकड्यांत जात नाही, जागा नाही, माती नाही. माळढोक महाराष्ट्रातून जवळपास नाहीसा झाला. त्याला झाड नको होतं, माळ हवा होता. कोटींच्या हिशेबात त्याला रकाना नाही.

इथे एक धोका आहे आणि तो टाळून पुढे गेलो तर हा लेख लबाड ठरेल. 'परके' आणि 'आपले' हे शब्द महाराष्ट्रात झाडांपुरते राहत नाहीत. टॅक्सीवाल्यापासून भाडेकरूपर्यंत ते कुठेही जाऊन चिकटतात. म्हणून नीट बोलायला हवं. मिसळीतली मिरची अमेरिकेची, टोमॅटो अमेरिकेचा, मका अमेरिकेचा, दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा. निफाडच्या द्राक्षाचं कूळही इथलं नाही. यांच्यावर कुणाचा राग नाही आणि असू नये. द्राक्षवेल मांडवाबाहेर पडून डोंगर गिळत नाही. शेतकऱ्याने एक हंगाम पाठ फिरवली तर तीच मरते. आक्रमक ठरते ती वनस्पती, जी माणसाच्या मदतीशिवाय पसरते आणि इतरांची जागा संपवते. निकष वागण्याचा आहे, जन्मगावाचा नाही. घाणेरीने देशातली सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगलं व्यापली आहेत असा अंदाज २०२० च्या एका अभ्यासात मांडला गेला. तिच्यावरचा आक्षेप हा आहे, पासपोर्टचा नाही.

शिवाय शुद्ध, अस्पर्श निसर्ग ही कल्पनाही फसवी आहे. नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. ते तळं इंग्रजांच्या काळातल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालंय. माणसानेच केलेलं, आणि तरी हजारो स्थलांतरित पक्ष्यांचं घर. म्हणजे प्रश्न 'मूळचं काय' एवढाच नाही. 'आता इथे कोण जगू शकतं आणि कोणाला जगणं अशक्य झालंय' हा खरा प्रश्न.

२०२५ च्या अखेरीला तपोवनात हा प्रश्न रस्त्यावर आला. २०२७ च्या कुंभमेळ्यातल्या साधुग्रामसाठी झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला, लोक उभे राहिले, आणि बदल्यात दुसरीकडे हजारो रोपं लावू असं सांगितलं गेलं. लोक उभे राहिले हे योग्यच झालं. पण दोन्ही बाजू बहुतेक वेळ आकड्यांतच बोलत होत्या: किती तोडणार, किती लावणार. जुन्या झाडाखालची माती, तिच्यातली बुरशी, ढोलीतला पक्षी यांची बदली करता येत नाही. आणि उलट बाजूने, 'ती तर विदेशी झाडं आहेत' हे वाक्य कुऱ्हाडीला मिळालेला परवाना होता कामा नये. चांगली कल्पना चुकीच्या हातात पडली की तीही रानमोडी होते.

म्हणून मागणी छोटीच आहे. लिहिणाऱ्यांनी 'झाडं' लिहिण्याऐवजी झाडाचं नाव लिहावं. 'हिरवं' लिहिण्याआधी आधी इथे काय होतं ते विचारावं. वृक्षारोपणाचं निमंत्रण आलं तर तीन प्रश्न विचारावेत: कुठली जात, कुठली माती, आणि खड्डा खणण्याआधी तिथे काय उगवत होतं? तिसऱ्या प्रश्नाला 'काही नाही' असं उत्तर मिळालं, तर एका पावसाळ्यासाठी तिथे कुदळ नेऊ नये. गुडघ्यावर बसून बघावं. श्रावण-भाद्रपदात त्या 'काही नाही'ला फुलं येतात.