सात्ता खिंडीतून दिसणारी मालगाडी

जपानी चित्रकार हिरोशिगेच्या तोकाइदो रस्त्यावरच्या चित्रमालिकेतलं युइ गावाचं चित्र आठवून पाहा. डावीकडे उभा कडा, कड्याच्या टोकाशी तिळाएवढे वाटसरू, वाकलेली पाइनची झाडं, खाली सुरुगाच्या उपसागरात पांढरी शिडं आणि समोर फुजी. हे चित्र १८३३-३४च्या सुमाराचं. वाटसरू ज्या सात्ता खिंडीत उभे आहेत, तिथे आजही पायी जाता येतं. युइ स्टेशनवर उतरायचं, जुन्या तोकाइदो रस्त्यावरच्या लाकडी घरांमधून चालत राहायचं आणि मग संत्र्याच्या बागांमधून चढायचं. वर पोचल्यावर कडा तोच दिसतो, फुजीही तोच. कड्याचा पायथा मात्र निराळा आहे. चित्रात समुद्र थेट कड्याला भिडतो. १८५४च्या मोठ्या भूकंपात हा किनारा वर उचलला गेला आणि पायथ्याशी एक चिंचोळी पट्टी उघडी पडली. त्याआधी खालून जायचं तर ओहोटी साधून, जीव मुठीत धरून जावं लागे. १८८९पासून आगगाडी या पायथ्यावरून धावते आहे. आज इथे तोकाइदो मार्गाचे रूळ, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १ आणि तोमेइ द्रुतगती मार्ग एकमेकांना खेटून जातात. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये वादळी पावसाने इथे दरड कोसळली, तेव्हा रूळ बंद झाले आणि टोकियो-ओसाकामधल्या मालगाड्या कित्येक दिवस अडकून पडल्या. डोंगर आणि समुद्र यांच्यात माणसाला मिळालेली जागा एवढीच आहे, हे वरून एका नजरेत कळतं.

खिंडीतल्या कठड्यापाशी बहुतेक कॅमेरे फुजीकडे वळलेले असतात. मला मात्र वाटतं, या दृश्याचा खरा नायक मालगाडी आहे. इथली लोकल मोजक्याच डब्यांची. ती चौकटीत शिरते आणि किनाऱ्याच्या वळणाचा एक तुकडा दाखवून निघून जाते. मालगाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. इंजिन खिंडीच्या खाली आलं तरी तिचं शेपूट अजून युइच्या बाजूला असतं, आणि मधल्या सगळ्या वाघिणी किनाऱ्याचं वळण अंगावर घेऊन उभ्या आहेत असं भासतं. समुद्राची रेघ कुठे आत शिरते, कुठे बाहेर येते, ते सांगायला एवढी लांबी लागते.

चित्रीकरणाचा पहिला धडा यातूनच मिळतो. कॅमेरा हलवू नये. इंजिनाच्या मागे कॅमेरा फिरवला की इंजिनाचं छान व्यक्तिचित्र मिळतं, पण वाघिणी वाया जातात. चौकट पक्की धरून ठेवली की गाडी स्वतः ती चौकट ओलांडते, आणि प्रत्येक वाघीण त्याच एका खांबापाशी, त्याच एका उजेडात येऊन जाते. तोकाइदोवरच्या पूर्ण लांबीच्या गाडीला २६ वाघिणी असतात. ताशी ९५ किलोमीटरच्या वेगाने ती एका खांबापुढून जायला वीस-बावीस सेकंद घेते. लक्ष न देता पाहिलं तर हे काहीच नाही. नीट पाहिलं तर त्यात बरंच वाचायला मिळतं.

आधी येतं इंजिन. या मार्गावर बहुधा ईएफ२१०, निळं-पांढरं, टोपणनाव मोमोतारो. पीच फळातून जन्मून राक्षसांच्या बेटावर चाल करून जाणारा लोककथेतला हा मुलगा ओकायामाचा मानला जातो. ही इंजिनं सुरुवातीला ओकायामाच्या शेडला होती, त्यावरून हे नाव पडलं. ईशान्येकडे धावणाऱ्या दुहेरी इंजिनाचं नाव किनतारो, म्हणजे अस्वलाशी कुस्ती खेळणारा दुसरा लोककथेतला पोर. होक्काइदोच्या डिझेल इंजिनाचं नाव रेड बेअर. माल ओढणाऱ्या यंत्रांना आजीच्या गोष्टीतल्या बलदंड पोरांची नावं द्यावीत, यात मला या देशाची श्रमाबद्दलची माया दिसते. ओझं उचलायला ताकद लागते आणि ती ताकद गोष्टीतल्या मुलासारखी निर्मळ असावी, अशी ती माया.

इंजिनामागे सपाट वाघिणी आणि त्यांच्यावर कंटेनर. जपानी मालगाडीचा स्वभाव ठरतो तो या बारा फुटी छोट्या कंटेनरने. एका वाघिणीवर असे पाच बसतात आणि एकात पाच टन माल मावतो. बंदरांवरच्या चाळीस फुटी पेट्या पाहिलेल्या डोळ्यांना ते आधी ठेंगणे वाटतात. मग त्यांच्यामुळे येणारी लय जाणवू लागते. पाच लालसर-जांभळ्या पेट्या, एक फट, पुन्हा पाच. मध्येच एखाद्या वाघिणीवर तीनच, आणि दोन रिकाम्या जागांमधून पलीकडचा समुद्र लखकन दिसून जातो. स्थिर चौकटीत या रिकाम्या जागांचं मोल फार आहे. सगळी गाडी भरलेली असती तर ती नुसती भिंत झाली असती. त्या फटींमुळे गाडी आणि समुद्र एकाच वेळी दिसत राहतात. अधूनमधून टोयोटाच्या सुट्या भागांचे लांब निळे कंटेनर येतात, नागोयाहून मोरिओकाकडे निघालेले. आत काय आहे ते मालगाडी कधीच दाखवत नाही. रंग, अक्षरं आणि आकडे यांवरून पाहणाऱ्याने ते जुळवायचं.

शेवटी काय येतं? गार्डाचा डबा नसतो, तो इथे केव्हाच गेला. शेवटच्या वाघिणीच्या पाठीवर लाल तबकडी लावलेली असते. ती दिसली की गाडी पुरी झाली. इंजिन गेल्याबरोबर कॅमेरा बंद करणारे पुष्कळ दिसतात. मला ते अर्ध्यावर पुस्तक मिटल्यासारखं वाटतं.

या गाड्यांना वेळेची जी शिस्त आहे, तिचं कारणही समजून घ्यावं. १९८७ मध्ये जपानच्या सरकारी रेल्वेचं विभाजन झालं. प्रवासी कंपन्या प्रदेशवार वाटल्या गेल्या, मालवाहतुकीसाठी मात्र देशभर एकच कंपनी झाली, जेआर कामोत्सु. इंजिनं तिची, वाघिणी तिच्या. रूळ बहुतेक ठिकाणी प्रवासी कंपन्यांचे. म्हणजे मालगाडी दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहते आणि दोन प्रवासी गाड्यांमधली ठरलेली मिनिटं पाळते. तिचं वेळापत्रक दरवर्षी पुस्तकरूपाने छापलं जातं आणि छंदिष्ट ते पिशवीत घालून हिंडतात. आपल्याकडे मालगाडी अवचित भेटते. इथे तिची भेट ठरवून घेता येते, आणि तरीही ती दिसल्यावर होणारा आनंद काही कमी होत नाही. काही गाड्या मात्र काळोखातच धावतात. टोकियो ते ओसाका सुमारे सव्वासहा तासांत पोचणारी सुपर रेल कार्गो त्यांपैकी. तिला वेगळं इंजिनच नसतं, मोटारी तिच्याच डब्यांत बसवलेल्या असतात. उन्हाळ्यातल्या लांब दिवसांतच ती ओसाकाच्या जवळ पहाटेच्या उजेडात सापडते.

सात्तावर एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे आवाज. खालच्या दोन रस्त्यांची घरघर सगळं गिळून टाकते. आवाजासाठी फलाटावर जावं. टोकियोच्या पश्चिमेला मुसाशिनो मार्गावरचं किता-फुचू स्टेशन मला त्यासाठी आवडतं. शहराच्या पोटातून जाणाऱ्या मालगाड्यांना वळसा मिळावा म्हणून आखलेला हा मार्ग १९७३ मध्ये सुरू झाला. स्टेशनला लागूनच तोशिबाचा कारखाना आहे, तिथे रेल्वेची इंजिनं घडतात. फलाटाचे नियम सोपे आहेत. पिवळ्या खाचांच्या पट्टीच्या आत उभं राहायचं, फ्लॅश उडवायचा नाही, तिपाई मांडायची नाही. (ती पिवळी पट्टी अंधांसाठी आहे आणि तिचा शोधही ओकायामाचा, १९६५ सालचा.) गाडी थांबणार नाही अशी सूचना होते, रूळ आधी बारीक गुणगुणतात, मग इंजिनाच्या पंख्यांची गाज येते. त्यानंतर ऐकण्यासारखं असतं ते चाकांचं. भरलेली वाघीण दबक्या, जाड आवाजात जाते, रिकामी खडखडते. डोळे मिटले तरी कुठे माल आहे आणि कुठे नाही ते ओळखू येतं. अशा चित्रफितीवर संगीत चढवणाऱ्यांनी निम्मी गाडी खोडून टाकलेली असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आवाजाचाच विषय निघाला तर हिरोशिमाजवळच्या सेनो आणि हाचिहोनमात्सु या स्टेशनांमधल्या घाटाला तोड नाही. छंदिष्ट त्याला लाडाने सेनोहाची म्हणतात. दर हजार मीटरला २२.६ मीटरचा चढ. पूर्वेकडे निघालेल्या जड मालगाड्यांना हिरोशिमाच्या माल टर्मिनलपासून साइजोपर्यंत मागून ढकलणारं इंजिन लागतं. आपल्याकडे कर्जतला असं ढकलणारं ‘बँकर’ इंजिन जोडताना पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपला बोरघाट सदतिसास एक, म्हणजे याहून खडा, आणि आपले रूळही रुंद. इथे १०६७ मिलिमीटरच्या अरुंद रुळांवर १२०० टनांच्या आसपासची गाडी चढवायची असते, त्यामुळे झगडा तेवढाच खरा वाटतो. पूर्वी गाडी घाटमाथ्यावर पोचल्यावर मागचं इंजिन चालत्या गाडीपासूनच सुटं केलं जाई. ती पद्धत २००२ मध्ये बंद झाली.

सेनोहाचीत चित्रण करताना पुढच्या इंजिनाची वाट पाहावी, ते जाऊ द्यावं आणि कॅमेरा तसाच चालू ठेवावा. वाघिणी जातात, मोटारींचा आवाज विरत जातो, वाटतं की संपलं. तेवढ्यात तोच आवाज मागून पुन्हा चढू लागतो, आधीपेक्षा जवळचा, पूर्ण जोरात. शेवटच्या कंटेनरला टेकून दुसरा मोमोतारो येत असतो.