‘गुन्हा कबूल’ : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

इंग्रजी कायद्यातील किरकोळ आणि भारी गुन्ह्यांचा जुना भेद आपल्या संहितेने त्याच रूपात स्वीकारला नाही. आपल्याकडे दखलपात्र व अदखलपात्र, जामीनपात्र व अजामीनपात्र असे भेद आहेत. दोन वर्षांपर्यंत कारावासाचे खटले समन्स-खटले म्हणून चालतात. अशा खटल्यात आरोपाचा सारांश सांगून ‘गुन्हा कबूल आहे काय?’ असे विचारण्यात येते. प्रस्तुत टिपणाचा विषय हा प्रश्न आहे.

या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत : कृत्य घडले काय, आणि ते कृत्य अपराध ठरते काय? १९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. सातपुड्यातील एखाद्या पावरा गुराख्यावर राखीव वनात गुरे चारल्याचा आरोप आहे, अशी कल्पना करावी. ‘चारली’ हे त्याचे उत्तर सत्य असेल. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक चराईचा हक्क मान्य झालेला आहे. तो हक्क त्यास लागू असेल, तर कृत्य कबूल असूनही अपराध कबूल होत नाही. पावरी बोलणाऱ्या त्या मनुष्याच्या एका ‘होय’मधून ही दोन उत्तरे वेगळी काढणे, हेच बचावाच्या वकिलाचे पहिले काम होय.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात सुखात्मे फिर्यादी पक्षाचा वकील होतो आणि बचावाचाही. समीक्षकांनी यात मध्यमवर्गीय ढोंगाचा उपहास पाहिला; तो आहेच. परंतु त्याहून भेदक गोष्ट अशी की, बचावाची जागा रिकामी नसते, ती भरल्याचा देखावा असतो. बेणारेबाईंचे दीर्घ स्वगत प्रेक्षक ऐकतात, न्यायासन ऐकत नाही. आरोपीजवळ शब्द असणे आणि ते शब्द न्यायालयाच्या भाषेत पोहोचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कायद्याने हे ओळखलेले आहे. १९८६ च्या सुक दास खटल्यात आरोप धमकीचा, शिक्षा दोन वर्षांची होती. आरोपीने वकील मागितला नाही, म्हणून मोफत साहाय्याचा त्याचा हक्क बुडत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता विधिसाहाय्य मिळू शकते. त्यासाठी जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

मात्र साहाय्य उत्तरानंतर आले तर उपयोग थोडा. दंड लहान असला तरी दोषसिद्धीची नोंद राहते. म्हणून वकील ‘होय’च्या आधी उभा असला पाहिजे, आणि त्यास आरोपीची बोली कळली पाहिजे, नाही तर दुभाषी हवा. भाषेच्या अभ्यासकांनी या एका शब्दाकडे लक्ष दिल्यास ते केवळ शब्दार्थाचे काम राहणार नाही.