शेवटची गाडी किती वाजताची? : ‘मुळशी सत्याग्रह’ वाचताना



आजचा विषय एका पुस्तकाचा आहे, पण सुरुवात आपल्या घाटापासून करू. कन्नडहून चाळीसगावला उतरताना आपण औट्रम घाट ओलांडतो. १९४८ पर्यंत हा नुसता घाट नव्हता, इथं दोन राज्यं एकमेकांना भिडत होती. वर निजामाचा मुलूख, खाली खानदेश. हैदराबाद मुक्तिसंग्रामात अनेक कार्यकर्ते हद्दीपलीकडच्या शिबिरांतून काम करत होते आणि पलीकडची माणसं त्यांच्या पाठीशी उभी होती. तेव्हा ‘बाहेरच्यांनी इथं नाक खुपसू नये’ हे वाक्य निदान आपल्या तोंडी तरी शोभत नाही.

पण बाहेरचा आला म्हणजे सगळं बरंच झालं, असंही नाही. हा गुंता ज्या पुस्तकामुळे आम्हाला नीट कळला, ते राजेंद्र व्होरा यांचं ‘मुळशी सत्याग्रह’. पुढे त्यांच्या निधनानंतर, २००९ साली, ते इंग्रजीतही आलं. तिथं शीर्षकातच या लढ्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. शीर्षक वाचून मराठी माणसाची छाती फुगते. पुस्तक वाचून संपलं की ती खाली बसते. आमच्या मते हाच या पुस्तकाचा मोठा गुण आहे.

हकीगत थोडक्यात सांगतो. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, म्हणून टाटांनी पुणे जिल्ह्यातल्या मुळशी पेट्यात धरण बांधायला घेतलं. सुमारे पन्नास गावांची जमीन पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. त्यांच्याबरोबर पुण्याचे पुढारी होते, आणि पारनेरचे पांडुरंग महादेव बापट होते. ‘सेनापती’ ही पदवी बापटांना याच लढ्यानं दिली.

आता व्होरा काय करतात बघा. ते विचारतात, ही जमीन होती कोणाची? कसणारा मावळा, पण तो कर्जात बुडालेला. बरीचशी जमीन सावकारांच्या हातात, आणि त्यातले कित्येक पुण्यात राहणारे. म्हणजे आंदोलनाला जो पांढरपेशा पाठिंबा मिळाला, त्यात देशभक्ती होती तसा हितसंबंधही होता. पुढे मोबदल्याची बोलणी जुळली आणि जमीनमालकांचा उत्साह मावळला. मावळा मात्र जिथल्या तिथे राहिला. खरं तर जिथल्या तिथेही नाही, कारण ती जागाच पाण्यात गेली.

व्होरांची ही मांडणी आम्हाला पटते. पण पूर्ण पटत नाही. हितसंबंधाच्या हिशेबानं निघून जाणाऱ्यांचा उलगडा होतो. राहिलेल्याचा होत नाही. बापटांचं मुळशीत कोणतं शेत बुडत होतं? पुन्हा पुन्हा तुरुंगात जाऊन हा माणूस परत तिथंच येत होता. माणूस दुसऱ्याच्या दुःखासाठी खरोखर उभा राहू शकतो, ही शक्यता हिशेबाच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायची?

म्हणून बापटांना नमस्कार करून मोकळं व्हावं, असंही आम्ही म्हणणार नाही. आंदोलन जवळजवळ विझलं होतं तेव्हा, १९२४ च्या डिसेंबरात, बापटांनी मोजक्या साथीदारांसह शस्त्र घेऊन धरणाच्या कामाची रेल्वे अडवली. सात वर्षांची शिक्षा झाली. धैर्याबद्दल प्रश्नच नाही. पण तोवर लढा कोणाचा राहिला होता? एक बाहेरचा मोबदल्यावर निघून जातो, दुसरा इतका आत शिरतो की गावाचा लढा त्याची स्वतःची प्रतिज्ञा होऊन बसतो. दोन्ही ठिकाणी निर्णय मावळ्याच्या हातून गेलेला असतो.

आपल्या भाषेत तीन साधी अव्ययं आहेत: साठी, सोबत, ऐवजी. ‘गावासाठी’ म्हणत आलेला माणूस ‘गावासोबत’ राहतो की ‘गावाऐवजी’ बोलू लागतो, एवढंच तपासायचं.

हे तपासायला एक दूरचं उदाहरण घेऊ. पॅलेस्टाइनमध्ये रामल्लाजवळ बिलिन नावाचं गाव आहे. इस्रायलच्या विभाजक कुंपणानं त्या गावाची शेतं पलीकडे टाकली. २००५ पासून दर शुक्रवारी गावकरी कुंपणाकडे मोर्चा नेऊ लागले. सोबत परदेशी स्वयंसेवक आणि खुद्द इस्रायलमधलेही काही नागरिक. पण मोर्चा गावाच्या समितीचा. परदेशी माणसाचं काम बव्हंशी तिथं हजर राहण्याचं. सैनिकाचा हात त्याच्यासमोर थोडा आखडेल, हा हिशेब. यात एक कडू सत्य दडलंय: एकाच शेतात उभ्या असलेल्या दोन जिवांची किंमत त्यांच्या पासपोर्टवर ठरते. स्वयंसेवक ही विषमता मिटवत नाही, तिचा उपयोग करतो. ती ढालही दरवेळी चालली असं नाही. २००९ मध्ये याच गावात बासेम अबू रहमा अश्रुधुराचं नळकांडं लागून मेले.

२००७ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं कुंपण हलवायला सांगितलं, २०११ मध्ये ते हललं. काही जमीन परत मिळाली, सगळी नाही. या लढ्यावरचा ‘फाइव्ह ब्रोकन कॅमेराज’ हा माहितीपट अवश्य बघा. तो गावच्याच इमाद बुर्नात यांनी चित्रित केला आणि गाय दाविदी या इस्रायली दिग्दर्शकासोबत पुरा केला. कॅमेरा गावकऱ्याच्या हातात, बाहेरचा सोबतीला. मुळशीची कथा मात्र आपल्यापर्यंत बहुतेक पुढाऱ्यांच्या नावानं पोचली. मावळ्यांची किती नावं आपल्याला सांगता येतील?

जाता जाता आमचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सत्तरच्या दशकात आम्ही विद्यार्थी एका धरणग्रस्त गावात धरण्याला बसलो होतो. आमचं भाषण झालं, टाळ्या पडल्या. मग एका म्हातारीनं भाकरी पुढे करत विचारलं, “लेकरांनो, शेवटची गाडी किती वाजताची हाय?” तिला आमच्या जेवणाची घाई होती. टोमणा नव्हता तो. आम्ही साडेसहाच्या गाडीनं परतलो. त्या गावात पुन्हा गेलो नाही.

गाडी असणं हा गुन्हा नव्हे, मंडळी. पण जिला गाडी नाही, तिच्या वतीनं ‘मरेपर्यंत लढू’ असं आम्ही त्या दिवशी माइकवरून म्हणालो होतो. आज व्होरांचं पुस्तक वाचताना ते वाक्य आठवतं, आणि खाली बघावंसं वाटतं.

इथं थांबतो. प्रश्न विचारा.